मागणी न झालेली पत्रे

आमच्या घराण्यात आजवर एकच नियम कुणी मोडलेला नाही: पाऊस आला की सरोवरावरची सहल रद्द, आणि मैद्याच्या, मधोमध भोक पाडलेल्या पुऱ्या चरबीत तळायच्या. लग्ने मोडली, शपथा मोडल्या, एका चुलत आजोबांनी तर आपला पक्ष दोनदा आणि आपली बायको एकदा बदलली. पण पावसात पुऱ्या झाल्या नाहीत असे कधी घडले नाही. १९८० सालच्या जानेवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातल्या, शेवटच्या रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला सांता ब्रीखिदाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सुटीतल्या घरावर पाऊस उतरला, तेव्हा टोपल्या भरून दाराशी ठेवलेल्या होत्या. लेओंतिना आजीने त्या एक शब्दही न बोलता आत नेल्या, चरबीचा डबा खाली काढला आणि परातीत पीठ ओतले.

"निनी, तळं?" मी विचारले.

"तळं आज भिजलंय," निदिया आत्या म्हणाली. "वाळलं की जाऊ."

हे उत्तर मला पटले, असे सांगतात. मी तेव्हा तीन वर्षे दोन महिन्यांची होते. म्हणून पुढचे सारे आठवणीवर नव्हे, इतरांच्या जबान्यांवर आणि एका लेखी पुराव्यावर आधारलेले आहे. जबान्यांचे एकमत फक्त पुऱ्यांविषयी आहे.

माझे आईवडील, ग्रिसेल आणि मिल्टन, पंधरा दिवसांपूर्वी जगप्रवासाहून परतले होते. माँतेविदेओत वास्तुकला शिकणाऱ्यांची ही जुनी रीत. शेवटच्या वर्षांतली मुले घरोघरी सोडतीची तिकिटे विकतात. बक्षीस म्हणजे त्यांनीच आराखडा काढून बांधवलेले एक घर. आणि त्या तिकिटांच्या जोरावर सगळी तुकडी नऊ महिने पृथ्वीप्रदक्षिणेला जाते. एका कुणाला घर मिळते, शंभर जणांना जग मिळते, आणि ज्यांना शिकता शिकता मुले झालेली असतात त्यांची मुले आजीला मिळतात. या वाटपात काही गैर आहे असे आमच्याकडे कुणालाच वाटत नाही. आजीने स्वतः चर्चच्या पायरीवर बसून साठ तिकिटे खपवली होती.

अर्थात मूल आजीला मिळाले ते नावापुरते. दोन्ही वेळच्या शाळा शिकवून घरी येणारी, अडतीस वर्षांची, अविवाहित निदिया आत्या मला न्हाऊ घालत होती, निजवत होती, आणि सुटीत किनाऱ्यावरच्या घरी आल्यापासून दर रविवारी पायी अर्ध्या तासावरच्या सरोवरावर खेकडे दाखवायला नेत होती.

"इकडे ये, अनाई," ग्रिसेल त्या सकाळी गुडघ्यांवर बसून म्हणाली. "बूट उलटे घातलेस. डावा उजव्यात."

"नाही बाई. असेच असतात."

"कोण म्हणतं असेच असतात?"

"निनी म्हणते."

"बरं. आणि मला बाई नाही म्हणायचं. आई म्हणायचं."

"हो बाई."

मिल्टन खो खो हसला. "निदान आदरानं तरी बोलते. मला परवा 'तो दाढीवाला' म्हणाली."

ग्रिसेल हसली नाही. तिने बूट काढले, सरळ केले, नाड्या बांधल्या. निदिया खिडकीशी पाठमोरी उभी होती. तिच्या खांद्यांवरून ती हसते आहे की रडते आहे हे ग्रिसेलला कळेना, आणि दोन्हींपैकी काहीही असले तरी आपल्याला त्याचा राग येणार हे मात्र तिला कळत होते. नऊ महिन्यांत या बाईने आपल्याला एक ओळ पाठवली नाही. मिल्टन म्हणे, हल्ली परदेशी टपाल कोण कोण उघडून वाचतं, सोड. लष्करी राजवटीच्या त्या वर्षांत ही एक सोय होती: घरातली कुठलीही गोष्ट हरवली की आवाज खाली आणून सरकारकडे बोट दाखवता येई.

तरीही ग्रिसेलने समजूतदारपणे ठरवले होते. मार्चपासून नवराबायको नोकऱ्या शोधणार, आणि सोमवार ते शुक्रवार मी निदियाकडे राहणार. काराकासहून मिल्टनच्या मित्राचे बोलावणे आले होते. तिकडे घरे बांधणारे हवे होते. पण ते तिने स्वतःच नाकारले होते. "पोर आत्ता कुठे ओळखायला लागेल. पुन्हा उपटायचं नाही तिला." निदियाने हे ऐकले तेव्हा ती भांडी घासत होती. तिने तीच परात तीनदा घासली.

*

पाऊस थांबेना, तेव्हा मिल्टनने झडपा लावून घेतल्या, भिंतीवर चादर ठोकली आणि प्रोजेक्टर मांडला. बाराशे स्लाइड होत्या. त्यांतल्या निम्म्या इमारतींच्या, उरलेल्या निम्म्या इमारतींच्या कोपऱ्यांच्या.

"हे चंदीगड," तो म्हणाला. "हे पण चंदीगडच. ही पडलेली सावली बघा."

"किती राहिलंय चंदीगड?" आजीने स्वयंपाकघरातून विचारले.

"सत्तावीस, आई."

"मग मी दुसरा घाणा टाकते."

येर्बाच्या कडू पाण्याचा तुंबा अंधारात हातोहात फिरत होता. निदिया थर्मासमधले पाणी त्यात ओतून एकेकाकडे देत होती आणि रिकामा परत घेत होती. ते काम तिचे, कारण ते करणाऱ्याला बोलावे लागत नाही. आग्र्याची पांढरी कबर उलटी आली, घुमट खाली आणि पाणी वर. मिल्टनने शिवी हासडली. मी चादरीजवळ जाऊन उभी राहिले.

"यात निनी आहे?"

"नाही, बाळा. निनी इकडे होती, तुझ्यापाशी."

"मग यात?"

"यातही नाही."

प्रत्येक स्लाइडला मी हे विचारले म्हणतात. अथेन्सपर्यंत सगळे हसले. इस्तंबूलनंतर ग्रिसेलने मला मांडीवर ओढून घेतले. मी उतरले.

साडेअकराच्या बसने एवारिस्तो आजोबा आले. ते शुक्रवारी माँतेविदेओच्या घरी झाडांना पाणी घालायला गेले होते. चाळीस वर्षे रेल्वेच्या पार्सल कचेरीत काढलेल्या या माणसाने आयुष्यात काहीही सैल बांधले नव्हते. कोटाच्या आतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीने आवळलेला एक गठ्ठा काढला.

"काय ते?" आजीने पिठाचा हात पुढे केला.

"टपाल."

"द्या इकडे."

"ग्रिसेलचं आहे."

"ग्रिसेलचं टपाल आपल्या पत्त्यावर कशाला येईल?"

"परत आलंय," आजोबा म्हणाले. "बोटीनं आलं, म्हणून इतके महिने. निदियाचा पत्ता मागे होता ना, तिथं आणून टाकलं."

आणि बायकोच्या पुढे आलेल्या हाताच्या बाजूने चालत जाऊन त्यांनी गठ्ठा सुनेच्या मांडीवर ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारातले त्यांचे हे एकमेव बंड. ते उरकल्यावर चरबी करपते आहे का ते पाहायला ते स्वयंपाकघरात गेले, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले.

*

अकरा पाकिटे होती. ग्रिसेलने आधी अक्षर पाहिले: निदियाचे, शाळामास्तरणीचे, गोल. लिस्बन. रोम. अथेन्स. प्रत्येक शहराच्या मुख्य टपाल कचेरीच्या पत्त्यावर, आणि प्रत्येकावर जांभळा शिक्का: मागणी झाली नाही, परत. तिचा पहिला भाव आनंदाचा होता, हे ती आजही शपथेवर सांगते. निदियाने लिहिले होते!

"तू लिहिलं होतंस," ती म्हणाली. "निदिया, तू लिहिलं होतंस गं!"

"दर तीन आठवड्यांनी," निदिया म्हणाली.

"थांब जरा," मिल्टन म्हणाला. प्रोजेक्टरच्या उजेडात त्याने एक पाकीट धरले. "अथेन्स आपण कधी सोडलं?"

"नऊ मे."

"मग माँतेविदेओचा शिक्का अकरा मेचा कसा? रोम कधी सोडलं?"

माझ्या वडिलांना तक्ते करण्याची दैवी देणगी आहे. पाच मिनिटांत त्यांनी पुऱ्यांच्या कागदावर तीन स्तंभ आखले: शहर, सोडल्याची तारीख, टाकल्याची तारीख. निघण्यापूर्वी त्यांनीच असा एक तक्ता माँतेविदेओच्या स्वयंपाकघरात चिकटवला होता. त्यात एक लाल स्तंभ होता, या शहराचे पत्र या दिवसाच्या आत टाका. घरातल्या प्रत्येकाला तो पाठ होता. अकराच्या अकरा पत्रे त्यांनी ते गाव सोडल्यानंतर दोन ते पाच दिवसांनी टपालात पडली होती.

"एखादं चुकलं असतं तर चूक म्हणाले असते," ग्रिसेल हळू म्हणाली. "अकरा, निदिया?"

निदियाने तुंबा भरला. तो घ्यायला कुणी हात पुढे केला नाही.

"रोमला मी रोज त्या खिडकीशी जायचे. शंभर जणांची रांग. बाकीच्या बायकांना पत्रं यायची, पोरांनी काढलेली चित्रं यायची. मला दाखवायच्या. मी छान छान म्हणायचे. कैरोत पाचव्या दिवशी तर त्या कारकुनानं मी दारातून आत यायच्या आधीच लांबून मान हलवली. ओळखायला लागला होता मला. जगात एक माणूस मला ओळखत होता, आणि तो नाही म्हणण्यासाठी."

"फोन करायचा होता," आजी दारातून म्हणाली. तिच्या हातात झारा होता.

"केला होता ना मिल्टननं इस्तंबूलहून! तुम्हीच घेतलात, लेओंतिनाबाई. तुम्ही म्हणालात, पोर मजेत आहे, निदियाला लिहायला सवड होत नसेल."

निदियाने मान वळवली. "मला सवड होत नसेल?"

"लाइन खराब होती," आजी म्हणाली.

"आई, तू असं म्हणालीस?"

"पुऱ्या गार होतायत. कुणाला मध हवाय का साखर?"

*

आता आजीची बाजू. पुढे, ब्याण्णवाव्या वर्षी, तिने ती मला स्वतः सांगितली. कबुली म्हणून नव्हे, कित्ता म्हणून.

निदिया सोमवारी पत्र लिहून फडताळावर ठेवायची. मंगळवारी आजी मुख्य टपाल कचेरीशेजारच्या चर्चमध्ये जायची, तेव्हा जाता जाता टाकायची, असे ठरलेले होते. आजी ती पत्रे खणात ठेवी, लाल स्तंभ पाही, आणि ते लोक पुढच्या गावी गेले की टाकून येई. पत्र फाडणे हे पाप. तिने जन्मात कुणाचे पत्र फाडले नाही, उघडलेदेखील नाही. उशिरा टाकणे याला मात्र धर्मशास्त्रात नाव नाही. तिचा हिशेब साधा होता: पोराची बातमी बंद झाली की कुठलीही आई सहा आठवड्यांत परत येते. ग्रिसेल आली नाही. म्हणजे ग्रिसेल कशी आई होती ते सिद्ध झाले. परीक्षा घेणाऱ्याने प्रश्नपत्रिका लपवली होती हा मुद्दा आजीला शेवटपर्यंत गौण वाटला. न नेलेली पत्रे परत येतात, एवढे एक तिला माहीत नव्हते.

दारात झारा धरून ती उभी होती. एक वाक्य पुरले असते. लेकीच्या बाजूने बोलावे, तर मुलगा हातातून जातो. गप्प बसावे, तर मुलगा आणि सून दोघांचाही राग निदियावर, आणि निदिया काही कुठे जात नाही. निदियाला जायला जागाच नव्हती. आजीने पुरी उलटायला पाठ फिरवली.

*

निदिया त्या वेळी कुणाच्याही तोंडाकडे पाहत नव्हती. ती गठ्ठ्याकडे पाहत होती. दहा पाकिटे पांढरी होती. एक, पाचवे, निळे. जूनमध्ये पांढरी संपली होती.

"उघडणार नाहीस?" तिने विचारले.

"काय उघडू?" ग्रिसेल म्हणाली. "ताप आला, ताप उतरला, दाढ आली, शहाण्यासारखं बोलायला लागली. सगळं होऊन गेलंय. शिळं वाचायची हौस नाही मला."

"ते निळं तेवढं. कैरोचं."

"का? त्यात काय आहे?"

निदियाने तोंड उघडले. मिल्टन, तिचा धाकटा भाऊ, ज्याला तिने लिहायला शिकवले होते, पेन्सिल कानावर खोचत म्हणाला, "पुरे ना आता, निदिया. तारखा समोर आहेत."

"तारखा आहेत," ती म्हणाली. "खरं आहे."

 ती पुढे का बोलली नाही याची माझ्या वडिलांकडे दोन कारणे आहेत आणि आईकडे एक. तिन्ही चूक आहेत. तीन शिकलीसवरलेली माणसे एका गठ्ठ्याभोवती बसून पाकिटांच्या बाहेरच्या बाजूचा अभ्यास करत होती. दोघे इमारतींच्या दर्शनी भागांचे पदवीधर होते, हे सोडले तर याला दुसरे स्पष्टीकरण मला आजवर सापडलेले नाही.

ग्रिसेलने पाकिटे पुन्हा रचली आणि आजोबांच्याच सुतळीने बांधली. गाठ तिला जमेना; मिल्टनने मारून दिली.

"नऊ महिने," ती म्हणाली. "तिला पुसून काढलंस तू माझ्यातून. आणि मी मूर्ख, पाच दिवस तुझ्याकडे ठेवणार होते तिला." मग नवऱ्याकडे वळून, अगदी घरगुती आवाजात, "काराकासला हो म्हणून कळव."

"ग्रिसेल, विचार कर जरा—"

"हो म्हणून कळव, मिल्टन."

प्रोजेक्टर चालूच होता. मघाची स्लाइड त्याने तक्त्यासाठी उजेड हवा म्हणून काढून घेतली होती. चादरीवर नुसता पांढरा चौकोन उरला होता. निदिया उठली. थर्मास उचलून ती स्वयंपाकघराकडे निघाली आणि उजेडाच्या आडवी आली. तिची सावली चादरभर पडली: अंबाडा, नाक, हातातला थर्मास.

"ही निनी!" मी ओरडले. "यात आहे! यात आहे निनी!"

सावली क्षणभर थांबली. मग पुढे गेली, आणि चौकोन पुन्हा पांढरा झाला.

*

गुरुवारच्या बसने आम्ही सांता ब्रीखिदा सोडले आणि एप्रिलमध्ये देश. मी काराकासची झाले. मक्याच्या भाकरीवर वाढले, डोंगरावरून येणाऱ्या ढगांना हवामान समजायला शिकले. निदियाची पत्रे आली नाहीत. तिला लिहू नकोस असे कुणी सांगितले नव्हते. आमच्या घराण्यात असले काही सांगत नाहीत. ती चोवीस वर्षे आजीबरोबर राहिली, त्याच स्वयंपाकघरात, त्याच फडताळासमोर. उन्हाळ्यात दोघी किनाऱ्यावरच्या घरी जात. शेजारीण सांगते, रविवारी ती सरोवरावर एकटीच जायची, पाऊस असला तरीसुद्धा. म्हणजे नियम मोडणारे आमच्याकडे एक माणूस होते म्हणायचे. वर मी लिहिले ते दुरुस्त करते. २००४ साली, बासष्टाव्या वर्षी, ती गेली. आजी तेव्हा धडधाकट होती.

तीन वर्षांनी आईने घर बदलले तेव्हा कपाटाच्या तळाशी गठ्ठा निघाला. वडिलांनी मारलेली गाठ जशीच्या तशी होती. सत्तावीस वर्षांत तो तीन घरे हिंडला, आणि तो जपून नेणाऱ्या माणसाला तो उघडावासा वाटला नाही. सुतळी कापून मी निळे पाकीट काढले. त्यानंतर मी आजीला जाऊन विचारले, ते वर आलेच आहे. आईला हे पत्र दाखवायचे की नाही, ते मी अजून ठरवलेले नाही. म्हणजे आमच्या घराण्याच्या पद्धतीने ठरवलेले आहे.

पत्र असे:

"ग्रिसेल, तुला माझी पत्रं मिळत नसणार हे मला काल कळलं. दिवे गेले म्हणून मेणबत्त्या शोधत होते, तर फडताळाच्या खणात माझं मागचं पत्र सापडलं. आई ती मागे ठेवते आणि तुम्ही गाव सोडलंत की टाकते. मी खण बंद केला. तिला काही बोलले नाही.

"हे पत्रही मी रोजच्यासारखं तिच्याच हाती देणार आहे. शाळेच्या वाटेवर टपालपेटी आहे, मला माहीत आहे. हे तुला वेळेत मिळालं तर ये, आणि मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकेन. नाही मिळालं तर मला दुःख होईल असं लिहायला घेतलं होतं, पण ते खरं नाही, म्हणून खोडलं.

"आज अनाईनं पहिल्यांदा स्वतःचे स्वतः बूट घातले. डावा उजव्यात. इतकी खूश होती की मी म्हटलं, असेच असतात.

"उत्तर लगेच पाठव. निदिया."